नमुन्याबाहेरचा कंडक्टर

सोलापूर–मंगळवेढा गाडीला रोज बसणाऱ्या कुणालाही विचारा, प्रदीप शिवशरण हा कंडक्टर तिकिटापेक्षा गप्पाच जास्त देतो, असं तो सांगेल. पूर्वी तिकीट फाडावं लागायचं, त्याला पंच मारावा लागायचा. आता मशीनचं बटण दाबलं की कागद बाहेर येतो, त्यामुळे प्रदीपच्या तोंडाला आणखीच सवड मिळाली. कामतीला चढलेली म्हातारी बेगमपूरला उतरेपर्यंत तिच्या दोन्ही सुनांची भांडणं याला पाठ झालेली असतात. अर्ध्या तिकिटाच्या बायका पुढं, कॉलेजची पोरं मागं आणि मध्ये दांडीला पाठ टेकून हा. "माणूस वळखायचाच धंदा हाय आपला," असं तो छाती काढून सांगतो. "पायरीवर पाय ठेवला की वळखतो, कोण सरळ अन् कोण फुकट्या."

फुकटे तो ओळखतो, ते खरं आहे. पण ज्याला दुनिया कळते त्याला घर कळतंच असं नाही, आणि प्रदीपला तर ते मुळीच कळलं नव्हतं.

प्रदीप राहतो भवानी पेठेत, मागच्या गल्लीत, जिथं यंत्रमागाचा खडखडाट बंद पडला तर लोकांची झोपमोड होते. बायको धम्मप्रिया बालवाडीत शिकवायची. मुलगी संस्कृती नर्सिंगला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा धम्मप्रियानं मानसशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं. प्रदीपनं स्वतः रजा टाकून प्रवेशाच्या रांगेत उभं राहून नाव नोंदवलं आणि आगारात पेढे वाटले. त्याची आई शाळेची पायरी चढली होती ती फक्त झाडायला. अशा घरात बाईच्या शिक्षणाला आडवं जायचं, हा विचारसुद्धा पाप. हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्याच्या तोंडाला कुलूप बसलं ते यामुळेच.

पहिलं वर्ष आनंदात गेलं. तो ड्यूटीवरून आला की ती ताट वाढायची आणि समोर बसून त्या दिवशी जे शिकली ते सांगायची. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं शास्त्र नव्हे, हे प्रदीपला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याला शाखा असतात, आणि प्रत्येक शाखेचे संशोधक मनाचं आपापलं टोक धरून बसलेले असतात. जैविकवाले मेंदू, झोप, भूक यांच्या मागं. रात्रपाळी करणारा माणूस दिवसा का कावतो, ते त्यांना विचारायचं. विकासात्मकवाले तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत मन कसं वाढतं आणि बदलतं ते पाहतात.

"तान्ह्या पोरासमोर खुळखुळा पदराखाली झाकला की त्याला वाटतं, खुळखुळा गेलाच," ती सांगायची. "पुढं थोडं मोठं झालं की तेच पोर पदर वडून बघतंय. हे कवा हुतं, कसं हुतं, हे बघण्यात माणसं जन्म घालवतात."

"पदर वडायचं आपल्या संस्कृतीला कुणी शिकवलं नव्हतं बग," प्रदीप म्हणायचा, आणि दोघं हसायची.

सामाजिक मानसशास्त्र मात्र त्याला जिवापाड आवडलं. एकटा माणूस रस्त्यात पडलेल्याला उचलायला धावतो, पण गर्दी झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत उभा राहतो, हे ऐकून त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "ही तर माझीच शाखा की गं!" दुसऱ्या दिवशी त्यानं ते सगळं आपला ड्रायव्हर ज्ञानबा याला ऐकवलं. ज्ञानबा मंगळवेढ्याकडचा, घरी मेंढरं बाळगणारा. त्यानं गिअर टाकता टाकता विचारलं, "मेंढराचं मन बी बघत्यात व्हय?" प्रदीपनं घरी येऊन विचारलं, तर तीही शाखा निघाली, तुलनात्मक नावाची, प्राण्यांचं वागणं माणसाशी ताडून पाहणारी. ज्ञानबाला हे कळल्यावर तो दिवसभर खुशीत होता.

बोधनिक शाखेतली, म्हणजे लक्ष, आठवण, विचार यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक युक्ती तर प्रदीपनं सगळ्या आगाराला शिकवली. लांबलचक काही लक्षात ठेवायचं असेल, तर ओळखीचा रस्ता डोळ्यांपुढं आणायचा आणि एकेक गोष्ट एकेका ठिकाणी ठेवत जायची. मग मनातल्या मनात त्या रस्त्यानं निघालं की सगळं आपसूक सापडतं. कंडक्टरला आणखी काय पाहिजे! त्याच्या डोक्यात थांबे तयारच असतात. आगारात प्रदीपला लोक 'प्राध्यापक' म्हणायला लागले आणि त्यानं ते मनावर घेतलं.

दुसऱ्या वर्षी ताटासमोरचं बोलणं आटलं. धम्मप्रिया चिकित्सा शाखेच्या कामासाठी रुग्णालयात निरीक्षणाला जायला लागली. मनाचे आजार, त्यांची कारणं, उपचार, हे त्या शाखेचं काम. ती घरी यायची ती गप्प. प्रदीपनं विचारलं, "आज काय झालं?" तर म्हणाली, "तितलं बाहीर सांगायचं नसतंय." झालं. ज्या बाईनं याच्यापासून कधी डब्यातल्या मिठाचाही हिशेब लपवला नाही, तिच्याकडे आता न सांगायची गोष्ट होती.

हेवा माणसाचा करावा, म्हणजे निदान तोंड तरी फिरवता येतं. प्रदीपला हेवा वाटायला लागला तो पुस्तकांचा. ती वाचायला बसली की याला खोकला यायचा. मीठ हाताशी असताना तो मीठ मागायचा. टीव्हीचा आवाज मोठा करायचा, आणि तिनं मान वर केली की "तुला तरास हुतोय का?" असं साळसूदपणे विचारायचा. ती "न्हाई" म्हणायची, आणि त्या एका 'न्हाई'नं त्याचा जळफळाट व्हायचा. तिला त्रास तरी व्हायला पाहिजे होता! शाखांनाही त्यानं मनात शिव्या घालायला सुरुवात केली. चिकित्सा शाखा तर त्याला सवतीसारखी वाटायची. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण पेढे यानंच वाटले होते.

मग एक दिवस तिनं प्रबंधाचा विषय सांगितला, आणि प्रदीपचं नशीब पालटल्यासारखं झालं. विषय होता एसटीच्या कंडक्टरांवरचा कामाचा ताण. ही औद्योगिक शाखा. माणूस कामावर कसा वागतो, कशानं थकतो, कशानं टिकतो, ते पाहणारी.

"म्हंजे माझाच अभ्यास की!" तो म्हणाला.

"तुमच्या लोकांचा," ती म्हणाली. त्या रात्री तिनं त्याला पाळ्या, रजा, तिकीट तपासनीस, उभे प्रवासी यांच्याबद्दल पुष्कळ विचारलं, आणि त्यानं घसा बसेपर्यंत सांगितलं. पुढचा आठवडाभर तो गाडीत स्वतःशी पुटपुटत होता. मुलाखतीत काय सांगायचं, कुठं थांबायचं, कुठं उसासा टाकायचा, सगळं त्यानं ठरवून ठेवलं. केसांना कलपसुद्धा लावला. ज्ञानबा म्हणाला, "पुन्यांदा लगीन करालाय का काय?"

आगाराची परवानगी मिळाली. मुलाखतींचा दिवस जवळ आला, तेव्हा प्रदीपनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा नंबर कवा हाय?"

धम्मप्रिया हसली. "तुमचा कसला नंबर? तुमची घेता येत न्हाई."

"का? मी कंडक्टर न्हाय?"

"नवरा हाय की. घरचं माणूस नमुन्यात घेत नसतात. तुमी मोकळं बोलणार न्हाई अन् मी सरळ ऐकणार न्हाई. मार्गदर्शक मॅडमनी पैल्या दिवशीच सांगितलंय."

"मी मोकळं बोलणार न्हाय? मी?" प्रदीपनं आवाज चढवला. साऱ्या मंगळवेढा रस्त्यावर ज्याच्या तोंडाला झाकण नाही, त्याला हे ऐकावं लागावं! पण धम्मप्रिया तेवढ्यात ओट्याकडे वळली होती.

आगारात कंडक्टर-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीला लागून एक लहान खोली आहे. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा. धम्मप्रिया तिथं बसायला लागली. एकेक कंडक्टर आत जायचा, दार लोटलं जायचं. प्रदीपला वाटलं होतं, आपली गडी माणसं, दोन वाक्यं बोलतील आणि पळतील. पण दार उघडायला वेळ लागायचा. बाहेर आलेला माणूस पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धुवायचा आणि मग प्रदीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "वैनी लई मन लावून ऐकत्यात रं. नशीबवान हायस."

नशीबवान! ज्या माणसांना प्रदीपनं वर्षानुवर्षं आपले विनोद ऐकवले, ती माणसं त्याच्याच बायकोपुढं मन मोकळं करून येत होती, आणि सबंध आगारात एकच कंडक्टर असा होता ज्याला त्या खुर्चीवर बसायची बंदी होती. तो बाहेर उभा राहून चहा प्यायचा आणि दाराकडे बघायचा. घरी तो आडून आडून विचारायचा, "तो आमचा अमका काय म्हणाला?" ती म्हणायची, "ते हितं बोलायचं नसतंय." रात्री तिच्या फोनवर ती मुलाखती ऐकत बसायची, कानात वायर घालून. तिच्या कानात सगळं आगार होतं, नवरा तेवढा नव्हता.

अशात हणमंत त्याच्याकडे आला.

हणमंत म्हणजे अक्कलकोट गाडीचा कंडक्टर, कुंभारीत कामगारांच्या वसाहतीत राहणारा. प्रदीप जितका बोलका तितका हा मुका. तोंडात सदा मिठाची गुळणी. प्रवाशानं "कुठपर्यंत आली गाडी?" विचारलं तर हा बोटानं खिडकीबाहेर दाखवतो. त्याची बायको मीनाबाई म्हणायची की लग्नात ह्यांच्या तोंडून नाव घेतलेलं मी ऐकलं, त्यानंतर हे बोलले ते दिवाळीला.

"पद्या," हणमंत म्हणाला, "उद्या माजा नंबर हाय. वैनीफुडं काय बोलायचं असतंय? मला काय सुचत न्हाय बग. वैनीचं काम बिगडाय नको. तूच सांग की जरा."

प्रदीपच्या मनात त्या क्षणी काहीही काळंबेरं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. त्यानं कँटीनमध्ये दोन चहा सांगितले आणि प्राध्यापकी थाटात सुरुवात केली. "हे बग, असं सांग. दिवसभर गाडीत कालवा असतोय. घरी गेल्यावर डोस्क्यात तोच कालवा घुमतोय. वाटतंय, कुणीतरी इचारावं, काय रं, कसा गेला दिस."

"बरं," हणमंत म्हणाला.

"अन् कुणी इचारत न्हाय."

हे वाक्य बाहेर पडलं आणि प्रदीपचा बांध फुटला. चहा निवून गेला. तो सांगत सुटला की दिवसभर मी एकेक गंमत तिच्यासाठी साठवून ठेवतो आणि घरी गेलो की तिची पाठ दिसते. मी भिंतीकडे तोंड करून जेवतो. तिला शिकू नको म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तिचा फॉर्म मीच भरला, आणि तिला शिकताना बघवतही नाही. सगळी दुनिया म्हणते तुझी बायको किती ऐकून घेते, आणि मी तिच्या दाराबाहेर उभा. मला लाज वाटते आणि रागही येतो, आणि कुठला आधी येतो तेच कळत नाही. बोलता बोलता त्यानं 'अभ्यासा'च्या जागी 'शिवणाचा क्लास' घातला, म्हणजे तिला संशय यायला नको. मीनाबाई शिवणाच्या क्लासला खरोखरच जायची. तेव्हा मघाशी मनात काळंबेरं नव्हतं असं म्हटलं, ते इथपर्यंतच. यापुढं मात्र त्याला स्वच्छ कळत होतं आपण काय करतोय ते. आपलं दुःख हणमंताच्या तोंडून का होईना, तिच्या कानात जाणार होतं!

"एवढं सगळं ध्यानात ऱ्हाणार न्हाय माज्या," हणमंत घाबरून म्हणाला.

"तुज्या रस्त्यावर ठेव की! कालव्याचं सोलापूर स्टँडवर ठेव. पाठ दिसते ते कुंभारीला. दाराबाहीर उभा ते वळसंगला."

दुसऱ्या दिवशी प्रदीपनं ड्यूटी बदलून घेतली. हणमंत आत गेला, दार लोटलं गेलं. प्रदीप पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. एक अक्कलकोट गेली, एक विजापूर गेली. त्याला धाकधूक होत होती, ती पकडले जाण्याची नव्हती. तिनं ऐकल्यावर तिचा चेहरा कसा झाला असेल, तो बघायला आपण तिथं नाही, याची होती.

हणमंत बाहेर आला तो रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. त्यानं नळ सोडला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारलं.

"काय म्हणाली?" प्रदीपनं दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाय सांगनार. हितलं हितंच ऱ्हानार, असं वैनीनी सांगितलंय."

"आरं, माझंच हाय ते! मला न्हाय सांगनार?"

हणमंतनं नळ बंद केला. मग म्हणाला, "वळसंगपतूर तुजं व्हतं. म्होरं रस्ता सरंना. मग माजं माजंच यायला लागलं बग. कुटनं आलं काय म्हाईत." शर्टाच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं. "वैनीनी डोळं पुसलं."

प्रदीपच्या कानात एवढंच शिरलं. तिनं डोळे पुसले. हणम्याचं स्वतःचं काय असणार? बोटानं खिडकीबाहेर दाखवणारा माणूस तो. बायको रडली ती माझ्यासाठी रडली, हे प्रदीपनं पक्कं केलं आणि त्या दिवशी मंगळवेढ्याच्या गाडीत तो इतका खुश होता की एका फुकट्याला त्यानं तसंच उतरू दिलं.

पण आनंद संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. घरी धम्मप्रिया शेंगांची चटणी कुटत होती. तिनं एक डबा भरला आणि म्हणाली, "ही हणमंत भावजींच्या घरी द्या. मीनाबाईंना आवडती."

"त्याला कशाला?"

"सहज." आणि मग, बत्ता खाली ठेवून, "चांगला माणूस हाय हो तो. लोक उगं मुका म्हणतात."

प्रदीपनं डबा नेला. नेताना वाटेत त्याला तो डबा गटारात फेकावासा वाटला. माझ्या दुःखाची चटणी हा खाणार! त्यानंतर आगारात धम्मप्रिया हणमंतला बघून आदरानं थांबायची, मीनाबाईची चौकशी करायची. हणमंतही बदलला होता. प्रवाशांशी दोन शब्द बोलायचा. एकदा तर कँटीनमध्ये बसून मीनाबाईला फोन करून "जेवलीस का?" असं विचारताना प्रदीपनं त्याला पाहिलं. सारं आगार हसलं, प्रदीप सोडून. पूर्वी त्याला पुस्तकांचा हेवा वाटायचा, मग आगाराचा. आता हणम्याचा वाटत होता, आणि तोही कशासाठी, तर प्रदीपचंच बोललेलं बोलल्याबद्दल. कुणाला सांगावं तर हसं होईल. ज्ञानबानं विचारलं, "प्राध्यापक, आज बोलणं बंद?" तर प्रदीप त्याच्यावर खेकसला, "मोहरं बघून चालव की!"

प्रबंध जमा करायची वेळ आली. प्रदीपचा सुट्टीचा दिवस होता. धम्मप्रिया सकाळी आवरून मार्गदर्शक मॅडमकडे निघाली होती. कापडी पिशवीत टाईप केलेले कागद भरताना तिचा चेहरा असा फुलला होता, जसा प्रदीपनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"मॅडम एका मुलाखतीवर लई खुश हायत," ती म्हणाली. "त्या एकीवर वेगळं प्रकरण लिही म्हणाल्या. म्हणाल्या, एवढं खरं बोललेलं इतक्या वर्षांत वाचलं न्हवतं."

"हणम्याची."

"कुणाची ते इचारू नका."

"इचारत न्हाय, सांगालोय." प्रदीप उठून उभा राहिला. त्याच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला. तोंड बंद ठेवलं असतं तर सगळं ठीक चाललं असतं, हे त्याला कळत होतं. तिचा प्रबंध पुरा झाला असता, तिला पदवी मिळाली असती, पेढे पुन्हा त्यानंच वाटले असते. पण जन्मभर ती हणम्याला खोल माणूस समजली असती. ते त्याला सहन होणं शक्य नव्हतं. "ते माझं हाय. मी त्याला पढवून पाठिवलं. शिवणाचा क्लास न्हाय, तुजा अभ्यास. ती पाठ तुजी. दाराबाहीर उभा राहिलेला मी."

आणि त्यानं सगळं सांगितलं, चहा, कँटीन, थांबे, सगळं. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला, कारण त्याला वाटत होतं, आता ही धावत येणार. म्हणजे ते तुम्ही होता, असं म्हणणार. परत डोळे पुसणार, आणि या खेपेला योग्य माणसासाठी.

धम्मप्रिया खुर्चीवर बसली. पिशवी तिनं मांडीवर घेतली.

"माझ्या अभ्यासात खोटं घुसवलंत तुमी," ती म्हणाली. "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"खोटं कुटं? खरं हाय त्यातलं! अक्षर अन् अक्षर—"

"आता ही काढून टाकावी लागंल. मॅडमना सांगावं लागंल का काढली. माझा नवरा असं वागला, हे माझ्या तोंडानं." प्रदीपनं तिला एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती ओरडतही नव्हती. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मला मीनाबाईचा हेवा वाटला. सांगायला लाज वाटती. घरी येऊन चटणी कुटत बसले अन् मनात तेच. हिच्या नवऱ्याला निदान एवढं कळतंय तरी."

प्रदीप पुढं सरसावला. "आगं मग तेच की! ती बाई तूच हायस. तो नवरा मी हाय!"

"तुमी?"

"मग? आन् मी ऐकत न्हवतो का तुजं? रोज ताटावर बसून ऐकलं. सगळ्या शाखा मला तोंडपाठ हायत. इचार की!"

"शाखा ऐकल्या," धम्मप्रिया म्हणाली. तिनं पिशवीतून ते कागद काढले, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. पण वाचलं नाही, तिला ते पाठच होतं. "तो माणूस म्हणला, बाहीर मी बोलत न्हाय आन् घरी गेल्यावर बी बोलत न्हाय, पर त्याचं काय न्हाय. माजी बायको दिसभर एकटी असती. तिला कसं वाटतंय, हे मी एवढ्या वर्षांत एक डाव बी इचारलं न्हाय. मला कुणी इचारत न्हाय, हेच धरून बसलो." तिनं बोट तिथंच दाबलं. "मी रडले ती हितं. बाकीचं चाललं असतं. हे तुमी सांगितलं होतं त्यांना?"

बाहेर माग चालू होते. प्रदीप मनातल्या मनात सोलापूर स्टँडवर गेला. तिथं कालवा होता. कुंभारीला तिची पाठ होती, वळसंगला दार होतं. पुढं सगळा रस्ता रिकामा होता. एक 'व्हय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. हणम्या काही सांगायला येणार नव्हता, त्यानं त्या खोलीतलं कुणाला सांगायचं नाही असं कबूल केलं होतं आणि तो ते पाळणारा माणूस होता. 'व्हय' अगदी जिभेवर आलं होतं. पण ती त्याच्याकडे बघत होती, तशीच, जशी ती त्या खोलीत प्रत्येकाकडे बघत असणार, आणि त्या नजरेसमोर बसायला मिळावं म्हणून त्यानं एवढा सगळा उपद्व्याप केला होता.

"न्हाय," प्रदीप म्हणाला. "ते हणम्याचं हाय."

धम्मप्रियानं कागद नीट जुळवले आणि पिशवीत घातले.

"वाटलंच मला," ती म्हणाली.